पेरूची फळमाशी: फवारणीआधी बहार ठरवा

भाद्रपदात झाडाखाली मऊ, डागी पेरूंचा सडा पडला की सेंद्रिय बागायतदार निंबोळी अर्काच्या फवारण्या वाढवतो. पैनगंगेकाठच्या देऊळघाट परिसरात पेरू लावणाऱ्याने मात्र औषधाआधी बहाराचा विचार करावा. फळमाशीची मादी पिकायला आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. अळ्या गरात वाढतात, फळ गळते, अळी मातीत उतरून कोषात जाते आणि ऊब-ओल मिळाली की काही दिवसांत नवी माशी बाहेर पडते. फवारा गरातल्या अळीपर्यंत पोहोचत नाही, मातीतल्या कोषापर्यंतही नाही. उरली उडती माशी. तिला दूर ठेवणारा अर्क पुढची सर धुऊन नेते. आंबिया बहाराचा पेरू नेमका याच दमट दिवसांत पिकतो, शिवाय पाणचट होतो. मृग बहाराची फुले जूनच्या पावसावर येतात आणि फळ नोव्हेंबर ते जानेवारीत, बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर गारवा आल्यावर तयार होते. थंडीत माशीची वाढ मंदावते. फळाची गोडीही वाढते, हा वरचा नफा.

मृगासाठी आंबियाचे पैसे का सोडायचे, असे कुणी विचारील. पण पावसाळी फळांवर पोसलेली माशीच पुढच्या बहारावर उतरते, तेव्हा पहिल्या बहाराच्या पैशांतून दुसऱ्याचे नुकसान वजा करून मग हिशेब मांडावा. उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही, हा आक्षेप तर उलटाच आहे: मृगासाठी फेब्रुवारी-मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत पाणी तोडायचे असते, म्हणजे विहीर आटते त्याच महिन्यांत बाग पाणी मागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी तोडूनही झाडाला ताण लवकर बसत नाही आणि मार्चमधला अवकाळी पाऊस बसलेला ताण मोडतो. अशा वेळी एप्रिल-मेमध्ये शेंड्यांची हलकी छाटणी करावी. नव्या फुटीवर फुले येतात. पाऊस लांबला तर बहारही लांबतो, हा धोका मान्य करूनच निर्णय घ्यावा.

शेजाऱ्याच्या बागेतून माशी येणारच, हेही खरे. म्हणून सापळे हवेत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाला फक्त नर भुलतात; फळ टोचणारी मादी बाहेरच राहते. सापळ्यासाठी बाजारात मिळणाऱ्या काही लाकडी ठोकळ्यांत मॅलाथिऑन हे कीटकनाशकही मुरवलेले असते, त्यामुळे प्रमाणित सेंद्रिय बागेने घटक तपासल्याशिवाय ते टांगू नयेत. सापळ्यात माश्या वाढू लागल्या की तोडणी लांबवू नये, फळ जरा आधी उतरवावे.

यंदाचा बहार धरून झाला आहे, तेव्हा आता गळलेली फळे दिवसाआड वेचणे हेच मोठे काम. मजुरी जाते, पण ती टाळता येत नाही. वेचलेली फळे उकिरड्यावर टाकू नयेत, तिथे अळी सुखाने कोषात जाते. दोन फूट खोल पुरावीत, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, उघडीप मिळेल तेव्हा उन्हात ठेवावीत.