कचेरीतील नेकटाय : निवड, पारख आणि एक प्रश्न

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी पेढीवर आलेल्या गृहस्थाची पहिली ओळख पागोट्यावरून पटत असे. त्याची ठेवण व रंग पाहून समोरचा मनुष्य कोणत्या मुलखाचा, कोणत्या व्यवसायाचा, याचा अंदाज गादीवरच्या मुनिमास बांधता येई. आज आपली मुलेमुली बँकेत, विमा कंपनीत, निर्यात-व्यापाराच्या कचेरीत जातात. आणि मुलांच्या बाबतीत पागोट्याचे ते काम गळ्यातील चार बोटे रुंद पट्टीने उचलले आहे. या पट्टीचा विचार व्यापाऱ्याच्या रीतीने, म्हणजे माल पारखून, करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीतील क्रोएशियन शिपाई गळ्याभोवती रुमाल बांधीत. फ्रेंचांना ती तऱ्हा आवडली, आणि ‘क्राव्हात’ हे नाव त्या शिपायांच्या देशनामावरूनच पडले. लांब टाय एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ याने कापड तिरके कापून तीन तुकडे जोडण्याची पद्धत काढली. चांगले टाय आजही तसेच शिवले जातात. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्यांना यातील मर्म सांगावयास नको. उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करून कापलेले कापड ताणले जाते व पुन्हा पूर्ववत् होते; म्हणून गाठ नीट बसते आणि सोडल्यावर चुणी राहत नाही.

यावरूनच पहिली परीक्षा निघते. टाय अरुंद टोकाकडून बोटावर लोंबता धरावा. तो सरळ राहिला तर काप योग्य. पीळ खाऊन फिरू लागला तर समजावे की कापणाराने कापड वाचविण्यासाठी काप बिघडविला आहे. दुसरी परीक्षा अस्तराची : पट्टी मुठीत चुरगाळून सोडावी. आतील अस्तर चांगले असेल तर ती लवकर पूर्ववत् होते. तिसरी शिवणीची : मागील बाजूची लांब शिवण किंचित सैल व हातची असावी. ती घट्ट असेल तर गाठ ओढताना टाय खेचला जाऊन आकार बिघडतो.

आता मापाचे पाहू. रुंदी कोटाच्या गळपट्टीशी जुळती असावी. सात ते नऊ सेंटीमीटर हे माप बहुतेकांस शोभते. गाठ बांधल्यावर टोक पट्ट्याच्या बकलापाशी टेकावे. पोटावर थांबलेला अथवा खाली लोंबणारा टाय बांधणाराची घाई दाखवितो. रंग सदऱ्यापेक्षा गडद असावा. गर्द निळा व काळपट तांबडा हे दोन रंग नवशिक्यास कधी दगा देत नाहीत. नक्षी सदऱ्यावर असेल तर टाय साधा, टायवर असेल तर सदरा साधा. तिरप्या पट्ट्यांविषयी मात्र सावध असावे. इंग्लंडात पलटणी, शाळा व क्लब यांचे पट्ट्यांचे रंग ठरलेले असतात. तेथील ग्राहकाने ‘आपण कोणत्या पलटणीत होता?’ असे विचारले तर आपली मुद्रा पाहण्यासारखी होईल!

इतका सोपस्कार करावा काय, असे कोणी विचारील. विलायतेस १८८८ साली गेलेल्या गांधीजींनी सभ्य गृहस्थ दिसण्याच्या हौसेने टाय स्वतः बांधण्याची कला साध्य केली होती, व आरशासमोर रोज दहा मिनिटे त्यात आणि भांग पाडण्यात जात, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. ती हौस लवकरच ओसरली. बोध असा की, टाय निवडण्यास एक दिवस द्यावा, बांधण्यास दोन मिनिटे.

परंतु या विषयात आपल्या घरांपुरता एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो आम्हांस आमच्या मातोश्रींनी शिकविला. गेल्या वर्षी पुतण्याची बँकेतील पहिली मुलाखत होती. त्यासाठी आणलेला सुंदर टाय त्याने आजीला दाखविला. तिने कापड बोटांत चोळून विचारले, “अरे, हे कोशाचं रेशीम का?” तो म्हणाला, “हो आजी, अगदी अस्सल.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मी लग्नातला शालू सोडला, तो उगीच का सोडला?” त्याला ती रागावली नाही, हेच आम्हां सर्वांस अधिक लागले.

रेशमाची प्रक्रिया सर्वांस ठाऊक असावी. एका कोशात शेकडो मीटर अखंड तंतू असतो. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर तो तुटतो. म्हणून त्याआधीच कोशाला वाफ अथवा उष्णता देऊन आतील जीव मारला जातो. एका टायसाठी असे शंभरावर कोश लागतात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंगास बाहेर पडू देऊन मग उरलेला कोश कापसासारखा कातण्याची रीत रूढ केली. ते कापड ‘अहिंसा रेशीम’ म्हणून मिळते. त्याला चकाकी कमी, पण पोत मऊ असतो. अर्थात् तेथेही किडा माणसाने पाळलेलाच असतो, हे विसरू नये. ज्यांस तेही नको, त्यांना सुती, लिनन, लाकडाच्या लगद्यापासूनचे रेयॉन किंवा पॉलिएस्टर असे पर्याय आहेत. लेबलावर विश्वास नसेल तर सुटा धागा जाळून पाहावा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो व राख चुरडते; पॉलिएस्टर वितळून कठीण मणी होतो; सूत कागदासारखे जळते.

आमच्या पुतण्याने तो टाय परत केला आणि गर्द निळा सुती टाय बांधून मुलाखत दिली. नोकरी मिळाली. टायविषयी कोणी एक अक्षरही विचारले नाही. उत्तम टायचे लक्षण हेच की तो नजरेस खटकत नाही आणि बांधणाराच्या बोलण्याआड येत नाही.

शेवटी एक सूचना. जपानात २००५ साली वीज वाचविण्यासाठी सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात टाय न बांधण्याची मोहीम निघाली; आपल्याकडेही अनेक कचेऱ्यांनी तो सोडला आहे. आपल्या हवेत ते शहाणपणाचेच आहे. मुलाखत, पहिली भेट, परदेशी ग्राहक, अशा प्रसंगांपुरते दोन-तीन चांगले टाय घरी असावेत. काम झाल्यावर गाठ ओढून न काढता उलट क्रमाने सोडावी व टाय गुंडाळून ठेवावा. आणि खरेदीच्या वेळी दुकानदारास किमतीआधी एवढे अवश्य विचारावे : हे कशाचे आहे? इत्यलम्.