जनरल रजिस्टर आणि तत्त्वनिष्ठा

तत्त्वनिष्ठा म्हटली की थोर पुरुष आठवतात. शाळेचे कारकून, शिपाई आठवत नाहीत. परंतु जनरल रजिस्टर त्यांच्याच हाती असते. त्यातील जात, जन्मस्थळ व जन्मतारखेवरूनच शाळा सोडल्याचा दाखला उतरतो. नोकरीत आणि जातपडताळणीत हीच नोंद पुराव्यास येते. म्हणूनच शाळा सोडल्यावर जन्मतारीख सहसा बदलता येत नाही. लेखनातील उघड चूक तेवढी वरिष्ठांच्या मंजुरीने सुधारता येते.

माझ्या थोरल्या भावाचे पोलीस भरतीचे वय चार महिन्यांनी उलटले होते. मी शाळेत जाऊन कारकूनकाकांना गळ घातली. ते म्हणाले, "बाळ, शाई माझी आहे, तारीख माझी नाही." मी रागाने परतलो.

पुढे शेजारच्या मुलीची जातपडताळणी अडली. तिच्या आजोबांची जुनी नोंद त्याच कपाटात सापडली. अक्षर शाबूत होते, कारण शिपाईमामा दर पावसाळ्यानंतर रजिस्टरांना ऊन दाखवीत. त्या नोंदीवर कोणी शंका घेतली नाही. माझ्या भावासाठी जे रजिस्टर वाकले असते, ते तिच्यासाठी खरे कसे ठरले असते? काकांचा नकार मला त्या दिवशी उमगला. भावाला मात्र तो अजून पटलेला नाही.