ताटात लपलेले मीठ

"डॉक्टर, मी वरून मीठ घेतच नाही," असे सांगणारे एक गृहस्थ मध्यंतरी दवाखान्यात आले. रक्तदाब १६०/१००. जेवणाची चौकशी केली, तेव्हा दोन्ही वेळा लोणचे-पापड आणि चहाबरोबर फरसाण निघाले! गोळी सुरू केली आणि ताटही बदलायला सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही सर्व पदार्थांतला मिळून. जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते व रक्तदाब वाढतो. सैंधव हेही मीठच, हे विसरू नये.

लोणचे-पापड सणावारापुरते ठेवा. भाजी-आमटीतले मीठ हळूहळू कमी करा; काही आठवड्यांत जिभेला सवय होते. रोज अर्धा तास भरभर चाला, वजन आटोक्यात ठेवा, तंबाखू व दारू सोडा.

मात्र चालू गोळी मनानेच बंद करू नका. माझ्या एका रुग्णाने "आता बरे वाटते" म्हणून ती सोडली. चार महिन्यांनी अर्धांगवायूने उजवा हात गेला. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणूनच तो मोजून घ्यावा लागतो.