नवा शेजारधर्म

जेथे अनेक माणसे एकत्र राहतात, तेथे काही नियम आपोआप जन्मास येतात. चाळीत नळाला दोनच तास पाणी येत असेल, तर एकानेच हंडेपिंपे मांडून नळ अडवून धरलेला इतरांना खपत नाही. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूने मध्यरात्री मोठमोठ्याने गाऊ नये, हे बहुधा कोणास सांगावे लागत नाही. आणि सांगावे लागलेच, तर त्यासाठी दाराशी पाटी लावलेली असते. जागा सामाईक असली की तिच्याबरोबर शेजारधर्मही येतो. परंतु गेल्या काही दशकांत मनुष्याने एक असा वाडा उभारला आहे की, त्यातील बिऱ्हाडकरू एकमेकांना कधी भेटत नाहीत, एकमेकांची नावेही जाणत नाहीत. आणि तरीही एकाच्या वर्तनाचे फळ दुसऱ्यास भोगावे लागते. हा वाडा म्हणजे संकेतस्थळांचे निवासस्थान होय. त्याचे नियम कोणते आणि ते का झाले, हे या पाठात पाहू.

मुलांनो, पडद्यावर एखादे संकेतस्थळ उघडले म्हणजे ते जणू आकाशातून अवतरले असे आपणांस वाटते. वस्तुतः त्यातील प्रत्येक अक्षर व प्रत्येक चित्र कोठल्या तरी खऱ्याखुऱ्या यंत्रावर साठवलेले असते. रात्रंदिवस जागे राहून मागेल त्यास हवे ते पान पाठवणाऱ्या अशा संगणकास ‘सर्व्हर’ म्हणतात. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस तयार केले. ते ज्या संगणकावर होते, त्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाचा मजकूर तीवर होता. त्या वेळी कोणी नकळत कळ दाबली असती, तर जगातील सारे वेब तत्क्षणी नाहीसे झाले असते! ती चिमुकली चिठ्ठी म्हणजे वेबवरील पहिला नियमच, असे गमतीने म्हणण्यास हरकत नाही.

आज प्रत्येकाने असे यंत्र स्वतःच्या घरी ठेवणे शक्य नाही. त्यास अखंड वीज लागते, थंड हवेची खोली लागते, वेगवान तारा लागतात आणि देखरेखीस जाणती माणसे लागतात. म्हणून काही कंपन्या मोठमोठ्या इमारतींत हजारो सर्व्हर मांडून ठेवतात व त्यांवरील जागा भाड्याने देतात. या व्यवसायास ‘होस्टिंग’ असे नाव आहे. छोट्या भाडेकरूस संपूर्ण यंत्र मिळत नाही. एकाच सर्व्हरवर कित्येकदा शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. यंत्राची गणनशक्ती, स्मरणशक्ती व बाहेर जाणारी वाट ही सर्वांत मिळून एकच. म्हणून जागा घेताना भाडेकरूस एक करार मान्य करावा लागतो. या करारात ‘स्वीकार्य वापराचे नियम’ असतात.

असे नियम कोणा एका मालकाच्या लहरीतून निघालेले नाहीत. त्यांतील बहुतेकांमागे अनुभव आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने विद्यापीठांना जोडणारे एक जाळे उभारले होते. ते संशोधन व शिक्षण यांसाठी असल्यामुळे त्यावरून नफ्यासाठी व्यापार करू नये, असा त्याचा लेखी नियम होता. पुढे खाजगी कंपन्यांची जाळी वाढली, जुन्या जाळ्याचा मुख्य मार्ग एप्रिल १९९५ अखेर बंद करण्यात आला आणि व्यापारास वाट मोकळी झाली. परंतु वाट मोकळी झाली म्हणजे ती अडवण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. हे जगास शिकवणारा एक प्रसंग त्याच सुमारास घडला.

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील फिनिक्स शहरी व्यवसाय करणाऱ्या लॉरेन्स कँटर व मार्था सीगल या वकील दांपत्याने आपल्या धंद्याची जाहिरात एकाच वेळी हजारो चर्चागटांत टाकली. गटाचा विषय कोणताही असो, तेथे परदेशी लोकांना अमेरिकेत राहण्याचा परवाना मिळवून देण्याविषयीची तीच ती जाहिरात! लोक संतापले. त्यांच्या निषेधाच्या पत्रांचा असा पूर लोटला की, त्या दांपत्यास इंटरनेटची सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे टपालयंत्र त्या भाराखाली पुनःपुन्हा कोलमडले. कंपनीने अखेर त्यांचे खाते बंद केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र कोलमडले तेव्हा केवळ त्या दोघांचीच पत्रे अडली असे नव्हे. त्याच कंपनीच्या ज्या ग्राहकांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या टपालासही तो भार बाधला. अपराध एकाचा आणि भुर्दंड सर्वांना, अशी स्थिती झाली.

आता हे नियम क्रमाने पाहू. पहिला नियम असा की, सामाईक शक्ती आपल्या वाट्यापलीकडे ओरपू नये. एखाद्याच्या संकेतस्थळावरील सदोष आज्ञावली अखंड फिरत राहिली, तर शेजारच्या साऱ्या संकेतस्थळांची पाने मंदावतात.

दुसरा नियम अनाहूत पत्रांविषयी आहे. प्रत्येक सर्व्हरला अंकांनी लिहिलेला एक पत्ता असतो. एखाद्या पत्त्यावरून जाहिरातींची लाखो पत्रे सुटू लागली की, जगातील टपालसेवा त्या पत्त्यास काळ्या यादीत घालतात व तेथून येणारे प्रत्येक पत्र दारातूनच परत पाठवतात. समजा, अशाच एका सर्व्हरवर एका खेड्यातील वाचनालयाने आपले संकेतस्थळ थाटले आहे. पुस्तके परत करण्याची मुदत संपली की ग्रंथपाल वाचकांना तेथून स्मरणपत्रे पाठवतो. शेजारच्या कोणा जाहिरातबाजामुळे तो पत्ता काळ्या यादीत गेला, तर ग्रंथपालाची पत्रेही कोणास पोहोचणार नाहीत. त्या बिचाऱ्याचा काय अपराध? परंतु सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

तिसरा नियम फसवणुकीचा निषेध करतो. बँकेच्या पानासारखे हुबेहूब खोटे पान रचून लोकांचे परवलीचे शब्द काढून घेणे, किंवा डाउनलोड करणाऱ्याचा संगणक बिघडवील अशी आज्ञावली ठेवणे, यास कोणताही सज्जन मालक थारा देत नाही. चौथा नियम पराव्या मालाविषयी आहे. दुसऱ्याने रचलेले गीत, चित्रपट अथवा पुस्तक त्याच्या अनुमतीवाचून वाटणे म्हणजे त्याच्या श्रमांचे फळ हिरावून घेणे होय.

पाचवा नियम असा की, आपल्या जागेतून दुसऱ्याच्या यंत्रावर आक्रमण करू नये व घातक प्रयोगही करू नयेत. ‘माझा हेतू वाईट नव्हता,’ एवढे म्हटल्याने येथे सुटका होत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जाणारी आज्ञावली इंटरनेटवर सोडली. तिने गुपचूप पसरत जावे, एवढाच त्याचा उद्देश असल्याचे सांगितले जाते. परंतु रचनेतील चुकीमुळे ती एकाच यंत्रात आपल्या असंख्य प्रती काढू लागली आणि यंत्रे गुदमरली. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते. त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची व दहा हजार डॉलरांहून अधिक दंडाची शिक्षा दिली. पुढे तोच विद्यार्थी एका नामांकित संस्थेत प्राध्यापक झाला, हेही सांगितले पाहिजे. कारण एका चुकीने मनुष्याचे आयुष्य संपत नाही.

याशिवाय एक कर्तव्य असे आहे की, ते पाळण्यात पुष्कळ सज्जन माणसेही हयगय करतात. परवलीचा शब्द सहज ओळखता येण्याजोगा ठेवला, किंवा आज्ञावलीतील दोषांची दुरुस्ती वेळेवर केली नाही, तर चोर त्या उघड्या दारातून आत शिरतो व त्याच घराचा आश्रय घेऊन शेजाऱ्यांस उपद्रव देतो. म्हणून आपले दार नीट लावणे हाही शेजारधर्मच आहे.

हे सर्व वाचून कोणास वाटेल की, नियम केवळ भाडेकरूसाठीच असतात. तसे मात्र नाही. कळ मालकाच्या हाती असते. त्याने ती दाबली की एखाद्या शाळेचे, वृत्तपत्राचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ क्षणात अंधारात जाते. म्हणून नियम लेखी असावेत, ते आधी कळवलेले असावेत, जागा बंद करण्यापूर्वी शक्य तेथे सूचना द्यावी, कारण सांगावे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. लोकांची फसवणूक प्रत्यक्ष चालू असेल, तर खोटे पान प्रथम बंद करून चौकशी मागाहून करणे योग्य ठरते. परंतु केवळ एखाद्यास मजकूर आवडला नाही म्हणून तो काढून टाकणे, हा न्याय नव्हे.

नियमाचे शब्दही स्पष्ट असावे लागतात. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्य जनतेस इंटरनेट मिळू लागले व २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम झाला. त्यात पुढे घातलेल्या ६६-अ या कलमान्वये इतरांस ‘त्रासदायक’ किंवा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ वाटणारा मजकूर पाठवणे हा गुन्हा होता. पण त्रास कशास म्हणावे? एकास जे झोंबते, ते दुसऱ्यास सत्य वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथे दोन तरुणींना इंटरनेटवरील अशाच एका मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक तत्त्व सांगितले. दुसऱ्यांचा मजकूर साठवणाऱ्या सेवेने कोणाच्याही नुसत्या तक्रारीवरून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावर मजकूर हटवावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे, असा त्याचा आशय होता. हे तत्त्व सरकारच्या कायद्याविषयी आहे. मालक आपल्या करारात अधिक कडक अटी घालू शकतो. म्हणूनच करार वाचून घेणे अगत्याचे असते.

बालमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी आपल्या गावाच्या इतिहासाचे, कोणी पक्षिनिरीक्षणाचे, तर कोणी आपल्या कवितांचे संकेतस्थळ उभारील. तेव्हा ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी आपण काय मान्य करतो, ते शांतपणे वाचा. एखादा नियम जाचक वाटला, तर त्यामागचे कारण शोधा. कारण सापडले नाही, तर ते विचारण्यास भिऊ नका. नियम डोळे मिटून मोडणारा आणि नियम डोळे मिटून पाळणारा, हे दोघेही चांगले नागरिक होत नाहीत. भिंतीपलीकडचा शेजारी आपणांस दिसत नसला, तरी त्याचेही घर आपल्या घराइतकेच त्यास प्रिय आहे, एवढे ज्याने ओळखले, त्यास या नव्या वाड्यात राहण्याची खरी पात्रता आली.

अभ्यास

१. बर्नर्स-ली यांच्या संगणकावर चिठ्ठी का चिकटवलेली असावी?
२. ग्रंथपालाचा अपराध नसताना त्याची पत्रे का अडली असती? ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण तेथे कशी लागू पडते?
३. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हे म्हणणे पुरेसे का नाही? मॉरिसच्या उदाहरणावरून सांगा.
४. नियम करणाऱ्यावर कोणती बंधने असावीत, असे लेखक म्हणतो? त्यांपैकी तुम्हांस सर्वांत महत्त्वाचे कोणते वाटते? का?
५. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : थारा देणे, हयगय करणे, दाद मागणे, काडीचाही संबंध नसणे.
६. तुमच्या शाळेतील संगणकखोलीसाठी पाच नियम तयार करा व प्रत्येकापुढे त्याचे कारण लिहा.