परदेशी शिकायला गेलेल्या सुईणी

सुईण म्हटलं की आपल्याला गावची म्हातारी आठवते. इंग्लंडात मात्र सुईण व्हायला विद्यापीठात बहुधा ३ वर्षं शिकावं लागतं. जाणत्या सुईणीच्या देखरेखीखाली ४० बाळंतपणं आपल्या हातानं करावी लागतात.

यांतल्या काही मुली शिकत असताना काही आठवडे परदेशी जातात. कोणी युगांडाला जाते, कोणी टांझानियाला. हे देश आफ्रिकेत आहेत.

तिथं काय शिकतात? पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला इंग्लंडात बहुतेक यंत्र असतं. तिथल्या पुष्कळ दवाखान्यांत सुईण एक लहान नळी वापरते. नळीचं एक तोंड कर्ण्यासारखं रुंद. ते आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि घड्याळ बघत मोजायचं. मिनिटाला ११० ते १६० ठोके असावेत. नवख्या कानाला पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही.

दवाखान्यात गर्दी, सुईणी थोड्या. मग कोणी पाहुणीला म्हणतं, “तूच कर की!” तिचेही हात शिवशिवतात. आम्हां मास्तरांना हे ठाऊक आहे. नवं शिकलेलं पोर दिसेल त्या भिंतीवर अक्षरं काढतं. पण बाळंतीण म्हणजे गिरवायची पाटी नव्हे. जे काम आपल्या देशात एकटीनं करायची मुभा नाही, ते तिथंही करायचं नाही. बाईला आधी विचारायचं. भाषा येत नसेल तर तिथल्या सुईणीकरवी विचारायचं. ती “नको” म्हणाली, तर मागं सरायचं. कळा देणाऱ्या बाईची पाठ चोळायला तरी कोणी हवंच असतं.