ठेवू कुणाला, सोडू कुणाला?

या लेखात सिलॅबसमधलं काहीही नाही, तरी ज्यांचा एम-थ्री सुटला आहे त्यांना तो जरा सोपा जाईल. विषय आहे फॅन्टसी फुटबॉल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे इंग्रजी शब्द भरपूर येतील, सांभाळून घ्या.

स्टाफसाठी आणि क्रिकेटवाल्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. फॅन्टसी म्हणजे कागदावरची टीम. खऱ्या सामन्यात खेळाडूने जे केलं त्याचे पॉइंट तुमच्या खात्यात. हा उद्योग सुरू झाला अमेरिकेत. १९६२ मध्ये ऑकलंड रेडर्स टीमशी संबंधित बिल विंकेनबाख आणि दोस्तमंडळींनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून नियम ठरवले आणि १९६३ मध्ये पहिला ड्राफ्ट केला. त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा. आपण पायाने खेळायच्या फुटबॉलवाले, म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीग.

आमच्या लीगमध्ये आठ जण आहेत. चार बॉइज होस्टेलचे, तीन आम्ही लेडीज होस्टेलच्या आणि मेकॅनिकलचे एक सर (नाव लिहू नकोस म्हणाले). प्रत्येकाने आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा, अशा १५ फेऱ्या. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पॉइंट नेहमीच्या फॅन्टसी प्रीमियर लीगसारखे : फॉरवर्डच्या गोलला ४, मिडफिल्डरच्या गोलला ५, डिफेंडरच्या गोलला ६, असिस्टला ३. पैसे अजिबात नाहीत! ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली, पण आम्ही त्याच्या आधीपासूनच सज्जन होतो. आमच्याकडे शेवटचा नंबर आलेल्याने वर्षभर सबमिशनच्या काळात बाकी सात जणांची झेरॉक्स आणि बाइंडिंगची कामं करायची. ज्यांनी आमच्या झेरॉक्सवाल्याची नोव्हेंबरातली रांग पाहिली आहे, त्यांना हे प्रकरण किती सीरियस आहे ते कळेल.

आता मूळ मुद्दा. नवा सीझन सुरू होताना जुन्या १५ पैकी फक्त तीन खेळाडू ठेवता येतात. आणि तेही फुकट नाही. जो खेळाडू ज्या फेरीत घेतला, त्याच्या एक फेरी वरची तुमची पाळी जाते. सहाव्या फेरीत घेतलेला ठेवला, तर यंदा पाचव्या फेरीत तुम्ही गप्प बसायचं. पहिल्या फेरीतल्याच्या वर काही नाही, म्हणून त्याला पहिलीच फेरी जाते.

बहुतेक लोक काय करतात? गेल्या वर्षीच्या पॉइंटची यादी काढतात आणि वरचे तीन ठेवतात. गेल्या वर्षीचे पॉइंट तर मिळून गेले राव, ते पुन्हा कोण देणार? २०१५-१६ मध्ये लेस्टर चॅम्पियन झाली तेव्हा जेमी वार्डीचे लीगमध्ये २४ गोल होते आणि रियाद माहरेझचे १७. पुढच्या सीझनला तेच दोघं १३ आणि ६ वर आले. कारणं शोधली तर सापडतात. कांते चेल्सीला गेला, चॅम्पियन्स लीगचे जादा सामने आले. पण कारण नसतं तरी आकडा थोडा खाली आलाच असता. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबद्दल हेच दाखवलं होतं : फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. त्याचंच नाव रिग्रेशन. सीझन अफलातून गेला तर त्यात खेळाडूची कुवत असते आणि नशीबही असतं. पुढच्या वर्षी कुवत सोबत येते, नशिबाची गॅरंटी नाही. मोहम्मद सालाहने २०२४-२५ मध्ये २९ गोल, १८ असिस्ट आणि ३४४ पॉइंट केले, जो फॅन्टसीचा रेकॉर्ड होता. पुढच्याच सीझनमध्ये नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला लीगच्या सलग तीन सामन्यांत तो पहिल्या अकरात नव्हता.

म्हणून पहिलं काम म्हणजे पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायचा, आणि तो जरा कंजूषपणे बांधायचा. वय किती, पेनल्टी तोच घेणार का, क्लब बदलला का, हे बघायचं.

दुसरं काम लोक विसरतात. खेळाडू किती पॉइंट देईल हे एकटं बघून चालत नाही. त्याच्यासाठी जी पाळी सोडतो, त्या पाळीला दुसरं कोण मिळालं असतं ते त्यातून वजा करायचं. जे उरतं तो खरा फायदा. ऑगस्ट २०२५ चा माझाच हिशोब देते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

अर्लिंग हालंड माझ्याकडे पहिल्या फेरीचा. अंदाज २१०. पहिल्या फेरीत कुणीही चांगला मिळतो, समजा २०५ चा. फायदा फक्त ५! ब्रायन म्बेमो सहाव्या फेरीचा. ब्रेंटफर्डकडून त्याने २०२४-२५ मध्ये २० गोल केले होते, पण जुलै २०२५ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला आणि तिथे पेनल्टी ब्रुनो फर्नांडिसच्या. म्हणून अंदाज १७०, पाचव्या फेरीत मिळणारा १४० चा, फायदा ३०. बोर्नमथचा आंत्वान सेमेन्यो मला तेराव्या फेरीत मिळाला होता. आदल्या सीझनला ११ गोल. अंदाज १५०, बाराव्या फेरीत जेमतेम ९५ चा माणूस मिळतो, फायदा ५५. नावाने सगळ्यात छोटा, फायद्याने सगळ्यात मोठा. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा क्रिस वुड अकराव्या फेरीचा. अंदाज १३०, दहाव्या फेरीत १०५ चा मिळतो, फायदा २५. आर्सेनलचा गॅब्रिएल मी चौथ्या फेरीत घेऊन ठेवला होता, त्याचा फायदा उणे आला. (२०२५-२६ पासून डिफेंडरला सामन्यात दहा टॅकल, क्लिअरन्स वगैरे केले की २ पॉइंट जादा मिळायला लागले. त्यामुळे स्टॉपर लोकांची जुनी टोटल बघून निर्णय घेऊ नका. पण तिसरी फेरी म्हणजे फारच महाग.) गोलकीपर ठेवायचा विचारसुद्धा करू नका, सगळे उन्नीस-बीस असतात.

या हिशोबाने सेमेन्यो, म्बेमो, वुड. हालंड बाहेर. इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात, पण खरी मजा यापुढे आहे. बाकीचे सातही जण तीन-तीन खेळाडू ठेवणार, म्हणजे ड्राफ्टच्या आधीच २४ जण बाजारातून गायब. आणि ठेवतात कोण? चांगलेच. त्यामुळे पहिल्या फेरीत मला २०५ चा मिळेल हे गृहीतकच चुकीचं. सगळ्यांच्या याद्यांचा अंदाज घेतला (आमच्यातला आर्सेनलभक्त बुकायो साकाला सोडणार नाही हे सांगायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही) तेव्हा पहिल्या पाळीला जेमतेम १८० चा उरत होता. झालं, हालंडचा फायदा ५ वरून ३० वर गेला. दहाव्या-बाराव्या फेरीत मात्र असा फरक फारसा पडत नाही, कारण तिथे ऐंशीवा खेळाडू आणि शंभरावा यांत अंतरच नसतं. म्हणजे वुड २५ वरच राहिला. थोडक्यात, आपली यादी आपल्याला एकट्याने ठरवता येत नाही. दुसरे जितके जास्त चांगले खेळाडू दाबून ठेवतील, तितका आपला पहिल्या फेरीचा हिरो ठेवण्यालायक होतो.

वुडवरून सरांशी माझी कँटीनमध्ये पाऊण तास जुंपली. त्यांचं म्हणणं, २० गोल मारलेत, क्लब तोच, कोच तोच, चालत्या मशीनला हात लावू नये. मी म्हटलं, "सर, तुम्हीच फटीग शिकवता ना? हा डिसेंबरात चौतीसचा होणार. सायकल्स वाढत गेल्या की सोसण्याची ताकद कमी होते." त्यावर ते म्हणाले, "अगं, स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते. त्याच्या खाली लोड ठेवला की पार्ट कितीही चालतो." आता यावर काय बोलणार! आणि ॲक्च्युअली त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. वार्डीने तेहेतिसाव्या वर्षी, २०१९-२० मध्ये, २३ गोल मारून गोल्डन बूट घेतला होता. पण पाच पॉइंटचा फरक तसा काहीच नसतो, आणि फरक इतका कमी असला की मी तरुण खेळाडूकडे झुकते.

शुक्रवारी रात्री मेस बंद व्हायच्या आत मी यादी दिली : हालंड, म्बेमो, सेमेन्यो. ड्राफ्टला वुड बाजारात येताच सरांनी सहाव्या फेरीत उचलला.

पहिल्याच आठवड्यात सेमेन्योने ॲनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल केले, हालंडने वुल्व्हजविरुद्ध दोन, आणि वुडनेही ब्रेंटफर्डविरुद्ध दोन ठोकले. सोमवारी प्रॅक्टिकलला सर हसतच आले. मी फक्त एवढंच म्हटलं की सेमेन्यो मिडफिल्डर आहे, त्याच्या गोलला पाच पडतात, वुडच्या चार. त्या दिवशी जर्नलवर सही मिळाली नाही.