जुनी चारचाकी गाडी व तिच्या इंजिनाचें तेल

मिरचीचा हंगाम सुरू झाला म्हणजे दोंडाईच्याच्या बाजारास जोडणाऱ्या रस्त्यांवर ज्या चारचाकी गाड्या धांवतांना दिसतात, त्यांत नव्या थोड्या व जुन्या फार. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं आपल्या देशांत विलीज जीपगाड्यांची जुळणी आरंभिली. पुढें १९९४ सालीं टाटांची सुमो व २००० सालीं बोलेरो आली. यांपैकीं सुमोचें उत्पादन २०१९ सालीं बंद पडलें, तथापि खेड्यापाड्यांतून ती अद्याप चालू आहे. बियाणें, खत, मजूर, आजारी माणूस, लग्नाचें वऱ्हाड व सारंगखेड्याची दत्तयात्रा, हें सर्व एकाच गाडीवर चालतें. नवी गाडी घेणें दहा-वीस एकरांच्या खातेदारासही सहज परवडत नाहीं. यास्तव आहे तीच गाडी अधिक वर्षें कशी टिकेल, याचा विचार करणें भाग आहे. त्यांत इंजिनाचें तेल वेळेवर बदलणें हा विषय आम्ही सर्वांत आधीं घेतों. कारण यांत खर्च थोडा व हयगयीचा दंड फार मोठा आहे.

बैलगाडीच्या आंसास ओंगण घातल्यावांचून आपले वडील गाडी जुंपीत नसत. कोरडा आंस कुरकुरतो व बैलांस ओढ जड जाते, हें पोरासही कळे. विहिरीवर तेलाचें इंजिन बसविणाऱ्या पिढीसही तेलाची किंमत ठाऊक होती. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यास १९४६ सालीं निघाला, आणि अशीं इंजिनें ज्यांच्या मळ्यांत होतीं ते लोक रोज सकाळीं आधीं तेल पाहत व मग हँडल मारीत. चारचाकी गाडींत मात्र इंजिन झांकणाखालीं झांकलेलें असतें, कुरकुर ऐकूं येत नाहीं. आणि जेव्हां ऐकूं येते तेव्हां वेळ निघून गेलेली असते.

इंजिनांतील तेलाचें काम केवळ वंगणाचें नव्हे. क्रँक व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा एक पातळ पडदा तयार होतो, व त्या पडद्यामुळें लोखंड लोखंडास लागत नाहीं. तेंच तेल पिस्टनची उष्णता खालीं चेंबरमध्यें घेऊन येतें, रिंगा व सिलिंडर यांमधील फट बुजवितें, धातूस गंज चढूं देत नाहीं, आणि डिझेल जळून झालेली काजळी आपल्या पोटांत घेऊन ती भागांवर बसूं देत नाहीं. ह्या शेवटच्या कामासाठीं कारखानदार तेलांत कांहीं रासायनिक द्रव्यें मिसळतात. तीं द्रव्यें काम करितां करितां खर्च होतात. म्हणजे तेल मापानें पुरें दिसलें तरी गुणानें रिकामें झालेलें असूं शकतें. जमिनीचें क्षेत्र कागदावर तेंच राहतें आणि कस मात्र उतरत जातो, तसाच हा प्रकार होय.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझेल गाडींत नवें तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत तें काळें पडतें, व मालक म्हणतो कीं तेल भेसळीचें निघालें. वास्तविक काळेपणा हा बहुधा तेल आपलें काम करीत असल्याचें चिन्ह आहे. उलट, काळें तेल अजून बोटाला चिकट लागतें, सबब आणखी सहा महिने चालेल, हा तर्कही खोटा. रंग व चिकटपणा यांवरून तेलाचें आयुष्य ठरवूं नये; तें किलोमीटर व महिने यांवरूनच ठरवावें.

किती किलोमीटर, याचें उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेंत असतें. परंतु तें पुस्तक बहुतेक घरीं सांपडत नाहीं, आणि सांपडलें तरी धुळीचा रस्ता, ओझें ओढणें व जवळजवळच्या फेऱ्या यांसाठीं दिलेली निराळी सूचना कोणी वाचीत नाहीं. आपल्याकडे तर हीं तिन्ही कारणें एकत्र नांदतात. काळ्या जमिनीची शिवारांतील धूळ पिठासारखी बारीक असते; हवेचा फिल्टर फाटका किंवा चोंदलेला असेल तर ती इंजिनांत जाऊन तेलांत कालविली जाते, व मग तेंच तेल कानशीप्रमाणें काम करूं लागतें. वैशाखांत खानदेशचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हां गाळप केलेल्या मिरचीच्या गोण्या लादून चढ चढणाऱ्या इंजिनाच्या तेलाची काय स्थिति होत असेल तें सांगणें नको. दुसरीकडे, घरापासून मळ्यापर्यंत दोन किलोमीटर जाणें व परत येणें, एवढ्यांत इंजिन पुरतें तापतच नाहीं. जळणापासून झालेली पाण्याची वाफ उडून न जातां तेलांत मुरते व आम्लें तयार होतात. म्हणून जुन्या डिझेल गाडीस आपल्या भागांत पांच हजार किलोमीटर ही मर्यादा धरावी, आणि तितकी धांव झाली नाहीं तरी वर्षांतून एकदां तेल बदलावेंच, असें आमचें मत आहे. प्रत्येक वेळीं तेलाबरोबर फिल्टरही नवा घालावा. जुन्या फिल्टरांत साठलेला गाळ तसाच ठेवून नवें तेल ओतणें म्हणजे न घासलेल्या घागरींत ताजें पाणी भरणें होय.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला, त्यामुळें नोंदवहीचा आग्रह आम्ही धरिला तर वाचकांनीं हंसूं नये. साधी चाळीस पानी वही गाडींत ठेवावी. तींत तारीख, मीटरवरील आंकडा, तेलाचें नांव व प्रत, किती लिटर घातलें, फिल्टर बदलला कीं नाहीं, एवढेच रकाने आंखावे व पावती मागें डकवावी. पिकांची पाहणी जागच्या जागीं न नोंदतां घरीं बसून आठवणीनें लिहिली म्हणजे सातबाऱ्याचें काय होतें, तें शेतकऱ्यांस आम्ही सांगावयास नको. गाडी विकण्याची वेळ आली तर ह्याच वहीमुळें गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतें. शिवाय खासगी गाडीस १५ वर्षें झालीं म्हणजे नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. त्या वेळीं गाडीची तपासणी होते, व आपल्या राज्यांत पर्यावरण कर भरावा लागतो. धूर ओकणारें इंजिन घेऊन तेथें उभें राहणें कोणास आवडेल?

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें बारा वर्षांची गाडी विकत घेतली. तेल कमी झालें कीं तो वरून लिटरभर ओती, आणि तेल भरतच असतों म्हणून बदलण्याची गरज काय, असें म्हणे. दोन हंगाम गेले. कापूस भरून निघाला असतां समोरील तेलाचा तांबडा दिवा लागला. मुक्काम जवळच होता, म्हणून त्यानें तशीच चालविली. दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवून इंजिन बंद केलें असतें तर कदाचित् निभावलें असतें. इंजिन उघडलें तेव्हां चेंबरच्या तळाशीं डांबरासारखा थर निघाला, तेल ओढणारी जाळी चोंदलेली, आणि बेअरिंगें झिजून क्रँकवर चरे पडलेले. दुरुस्तीस पाऊण लाखाच्या वर खर्च आला व ऐन वेंचणीत गाडी महिनाभर उभी राहिली. ज्या कामास तेल व फिल्टर मिळून अडीच-तीन हजार लागले असते, त्यापायीं त्या वर्षीं कापसांत उरलेलें सर्व गेलें. वरून भर घालणें व तेल बदलणें हीं दोन निराळीं कामें आहेत.

तेल कोणतें घ्यावें? डब्यावर १५-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-४० असें लिहिलेलें असतें. पहिला आंकडा थंडींत तेल किती सहज वाहतें तें दाखवितो, दुसरा तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो तें. आपल्या भागांतील बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांस १५-डब्ल्यू-४० योग्य असतें. त्याच डब्यावर सी-एफ-४, सी-एच-४, सी-आय-४ अशीं अक्षरें असतात. ‘सी’ म्हणजे डिझेलसाठीं, आणि त्यापुढील अक्षर जितकें वर्णमालेंत पुढचें तितकी प्रत नवी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-सहा नियमांच्या गाड्यांकरितां धुराड्यांतील जाळीस जपणारें महाग तेल निघालें आहे. जुन्या गाडीस त्याची जरूरी नाहीं. दुकानदार भारी म्हणून देईल तें घेऊं नये, पुस्तिकेप्रमाणें घ्यावें. डब्याचें सील स्वतः फोडावें, आणि रिकामा डबा भोंक पाडून मगच टाकावा. कारण नामांकित तेलाच्या रिकाम्या डब्यांत हलकें तेल भरून विकणारे लोक आहेत.

मिस्त्रीकडे काम दिलें तरी समोर उभें राहावें. इंजिन थोडें तापवून मग बंद करावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघतो. गाडी सपाट जागीं, चाकांस दगड लावून उभी असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणासही शिरूं देऊं नये. खालचा बोल्ट काढून पंधरा-वीस मिनिटें तेल निथळूं द्यावें, बोल्टाची चकती नवी घालावी, नव्या फिल्टरच्या रबरास तेलाचें बोट लावून तो हातानेंच घट्ट बसवावा. तेल काडीवरच्या दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेजवळ यावें. त्याहून वर गेलें तर क्रँक तेल घुसळून फेंस करितो. डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुण्याची पद्धत आम्हांस पसंत नाहीं. त्यानें बेअरिंगवरील तेल निघून जातें आणि सुटलेला गाळ जाळींत अडकतो. फार दिवस हयगय झालेली गाडी असेल तर दीड-दोन हजार किलोमीटरांवर पुन्हां एकदां तेल व फिल्टर बदलावा; मळ हळूहळू निघतो.

आठवड्यांतून एकदां, सकाळीं इंजिन थंड असतां, काडी पुसून पाहावी. तेल दुधाळ चहासारखें झालें असेल तर पाणी शिरलें आहे. पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास येत असेल तर पंप किंवा नोझल गळत आहे. निळा धूर निघून तेल घटत असेल तर रिंगा गेल्या आहेत. टर्बो असलेली गाडी लांबून आल्यावर मिनिटभर सावकाश चालूं ठेवून मग बंद करावी. टर्बोचा दांडा मिनिटास लाखावर फेरे घेतो व त्यास तेलाचाच आधार असतो. गिअरबॉक्स व मागील हाऊसिंग यांतील दाट तेलही विसरूं नये, विशेषतः पावसाळ्यांत नाल्याच्या पाण्यांतून गाडी काढली असेल तर.

राहिलें काढलेलें तेल. तें बांधावर, गटारांत किंवा विहिरीजवळ ओतणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. कोणी लांकडास वाळवी लागूं नये म्हणून लावतात, तर कोणी गुरांच्या गोचिडांवर चोपडतात. जळक्या तेलांत कातडीस अपाय करणारीं द्रव्यें असतात. गुरें तें चाटतात व आपलेही हात त्यांत माखतात. तें झांकणाच्या डब्यांत भरून गॅरेजच्या पिंपांत द्यावें. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलें तेल येतें, व परवानाधारक कारखाने तें शुद्ध करण्यासाठीं विकत घेतात.